तालुका उदगीर, जिल्हा बिदर

आमच्या लहानपणी उदगीरमधली म्हातारी माणसे 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणायची, तेव्हा ती लातूरला जात नसत. ती बिदरला जात. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी आमचा तालुका उस्मानाबादला जोडलेला होता; आणि त्याच्याही आधी, म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत भाषा पाहून वाटणी झाली. मराठी बोलणारे तालुके इकडे आले, बिदर शहर तिकडे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. कागदावर रेघ ओढून झाली, पण माणसांना ती पाठ व्हायला दोन पिढ्या लागल्या. आजही आमच्या मोहल्ल्यात कुणाची खाला, कुणाची फुफी बिदरला नांदते. जुन्या दस्तांवर उर्दूत लिहिलेले असते : तालुका उदगीर, जिल्हा बिदर.

या आमच्या जुन्या जिल्ह्याच्या गावी आम्ही दोघे मुलीला घेऊन एका रात्रीसाठी गेलो. जून उजाडला होता. महाराष्ट्रातल्या शाळा उघडायला अजून आठवडाभर अवकाश होता. खालाचे दोन वर्षांपासून बोलावणे होते. खालू गेल्यापासून आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो, ही तिची तक्रार. पण खरे सांगायचे तर घरातून थोडे बाहेर पडणे आम्हालाच गरजेचे झाले होते. घरात एक वाद सुरू होता.

वाद मुलीच्या पहिलीचा. आम्ही दोघेही उर्दू माध्यमाचे शिक्षक, दोघांचेही बी.एड. झालेले, दोघांची भाकरी उर्दूवर. आमच्या शाळेची पटसंख्या दरवर्षी थोडी थोडी घसरते. संचमान्यतेचे दिवस आले की स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही; यंदा कोण अतिरिक्त ठरणार हे प्रत्येकाच्या डोक्यात असते. दारोदार जाऊन आम्ही पालकांना सांगतो की मुलाला मादरी ज़बानमध्ये शिकू द्या, पाया पक्का होतो. पालक ऐकून घेतात आणि मग हळूच विचारतात, 'सर, आपकी बच्ची कहाँ पढ़ती?' या प्रश्नाला अजून उत्तर द्यायचे होते. एकाचे म्हणणे, मुलगी उर्दू शाळेतच जाईल, नाहीतर उद्या कोणत्या तोंडाने त्या दारांवर उभे राहायचे? दुसऱ्याचे म्हणणे, मुलीच्या आयुष्याने आपल्या नोकरीची लाज राखायची का? पोलीस भरतीचा पेपर मराठीत, एमपीएससीला मराठी, तहसीलमधला प्रत्येक अर्ज मराठीत. तिला मराठी शाळेत घाला आणि उर्दू घरी शिकवा. कोण कोणत्या बाजूला होते हे सांगत नाही, कारण बाजू दर चार दिवसांनी बदलत असत.

उदगीरहून रेल्वेने कमालनगर, भालकी करत बिदरला पोहोचलो. पहिला पाऊस होऊन गेलेला. बिदरची जमीन जांभ्याची. कोकणातल्या वाचकांना जांभा सांगायला नको, पण आम्हा मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या माणसांना ती लाल माती दरवेळी नवी वाटते. हा जांभा पाणी पिऊन घेतो. पाणी झिरपत खाली जाते, खालच्या काळ्या कातळाला अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. शीख बांधवांचे नानक झिरा, नरसिंहाच्या गुहेतले छातीइतके पाणी, ही सारी त्याच पाण्याची देणगी. बहमनी काळात तर इराणच्या पद्धतीने जमिनीखालून बोगदा खणून, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवून, उताराने पाणी वाहून आणले होते. त्याला कारेझ म्हणतात. नौबादकडची कारेझ गेल्या दशकात गाळ काढून पुन्हा मोकळी केली गेली. राजधानी इथे का आली याचे एक कारण हे पाणी असणार. अहमदशाह वली बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी इकडे हलवली आणि १४३२ च्या सुमारास किल्ल्याचे बांधकाम पुरे झाले. इतिहासाच्या पुस्तकात राजाला शिकारीत सुचलेल्या स्वप्नवत गोष्टी दिलेल्या असतात. आम्हाला विचाराल तर आधी पाणी.

रिक्षा वेशीतून आत शिरली. बिदरच्या तटाला शहागंज, मंगलपेठ, फतेह, तालघाट आणि दुल्हन असे दरवाजे आहेत. इतकी जुनी तटबंदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिकीट खिडकी आणि गवत येते. इथे तसे नाही. दरवाज्यातून कोबीचा टेम्पो आत जात होता आणि समोरून दुचाकीवर तीन मुले बाहेर येत होती. कमानीखाली कोण आधी जाणार यावर सभ्य भाषेत भांडण चालले होते. कमानीच्या आतल्या कोनाड्यात एकाने टोप्या आणि अत्तरे मांडली होती. तट काही ठिकाणी ढासळला आहे, काही ठिकाणी घरांनी त्याला पाठ लावली आहे, पण गाव अजून त्याच्या आतच उठते-बसते. मधोमध चौबारा, म्हणजे सत्तर फुटांच्या आसपास उंचीचा गोल बुरूज. तिथून चार दिशांना चार रस्ते. एक रस्ता किल्ल्याकडे जातो आणि त्याच वाटेवर मदरसा लागतो. खालाचे घर चौबाऱ्यापासून दोन गल्ल्या आत.

खाला दारात उभीच होती. 'धूप में कायकू खड़े, अंदर आव. बच्ची का मुँह देखो, सूख गया.' मुलीने सरबत नको म्हणून मान हलवली तर खाला म्हणाली, 'नक्को नक्को बोलते नहीं बेटा, पीतेच.'

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. लखनौच्या उर्दूवाल्याला हे वाक्य ऐकवले तर तो कानांवर हात ठेवील. 'नक्को' मराठीतला आणि 'पीतेच' मधला 'च'ही मराठीतलाच. दखनीने हे दोन्ही शब्द आपल्या घरात इतक्या वर्षांपूर्वी घेतले की ते परके आहेत हे कुणाच्या ध्यानातही नाही. शाळेत मात्र आम्ही मुलांच्या वहीत 'नक्को' वर लाल रेघ मारतो, कारण पाठ्यपुस्तकातली उर्दू वेगळी. पण उर्दूचा इतिहास शिकवताना दखनीपासूनच सुरुवात करावी लागते. फख्रुद्दीन निज़ामीची 'कदमराव पदमराव' ही मसनवी दखनीतली उपलब्ध असलेली सर्वांत जुनी रचना मानतात. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहमनी राजवटीत ती लिहिली गेली आणि निज़ामीला बिदरचाच मानतात. तिचे एकच हस्तलिखित उरले. ते कराचीला आहे आणि जमील जालिबी यांनी १९७३ मध्ये ते संपादित केले. तिच्यात फारसी-अरबी शब्द थोडे आणि इथल्या मातीतले, संस्कृतातून घासून आलेले शब्द भरपूर आहेत. म्हणजे ज्या भाषेला आज 'बाहेरची' म्हणतात तिचे पहिले मोठे पुस्तक याच मुलखात लिहिले गेले, आणि नायकांची नावे कदमराव आणि पदमराव!

असरनंतर उन्हे कलली तेव्हा आम्ही मदरशाकडे निघालो.

महमूद गवानचा मदरसा पाहिला नाही असा या भागातला उर्दू शिक्षक विरळा. सहलीत एकदा तरी जाणे होतेच. पण सहलीत चाळीस मुले मोजण्यात सारा जीव जातो, इमारत पाहायला कोण मोकळे असते? या वेळी मोजायला एकच मूल होते.

गवान इराणच्या गीलान प्रांतातला. १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून गलबतातून आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला आला. पुढे वज़ीर झाला, जवळजवळ सारे राज्य त्याने चालवले. मदरसा बांधून झाला १४७२ मध्ये. सुमारे दोनशे पाच फूट लांब, एकशे ऐंशी फूट रुंद, तीन मजली, मधे चौकोनी अंगण. खुरासानमधल्या मदरशांचा नमुना दख्खनच्या पठारावर आणून ठेवलेला. दर्शनी बाजूला दोन मिनार होते, आता एकच आहे. त्याच्या अंगावर फरशीच्या तुकड्यांची नागमोडी नक्षी. निळा, पांढरा, हिरवा, पिवळा रंग जिथे शिल्लक आहे तिथे अजून ताजा. दर्शनी भिंतीवर निळ्या पट्टीत कुराणाच्या आयतींची अक्षरे, मधेच तुटलेली. आमच्या मुलीने खालून बोट फिरवत 'अलिफ, लाम' असे ओळखून दाखवले. तिला एवढेच येते. मौलवीसाहेबांकडे ती नुकतीच जाऊ लागली आहे.

आम्ही मात्र शिक्षकांच्या डोळ्यांनी खोल्या पाहत होतो. विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि उस्तादांच्या खोल्या एकाच इमारतीत. शिकवण्याची दालने तीन मजल्यांची उंची घेऊन उभी, त्यामुळे दुपारीही आत गारवा. प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा यायला जागा. आमच्या शाळेच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसणाऱ्या पोरांची आठवण आली. कोणाला दोष द्यायचा नाही, पण साडेपाचशे वर्षांपूर्वी वर्गखोली बांधणाऱ्याला जे कळत होते ते कळेनासे कधी झाले, हा विचार मनात येतोच. इथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. गवानने जामीसारख्या फारसीच्या थोर कवीला हेरातहून इकडे येण्याचे निमंत्रण पाठवले होते. जामी आला नाही, पण त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. गवानची पत्रे 'रियाज़ुल इन्शा' या नावाने आजही वाचायला मिळतात. राज्यकारभार, लढाया आणि कटकारस्थाने यांतून वेळ काढून पत्रे नीट मसुदा करून लिहिणारा माणूस होता तो.

त्याचा शेवट एका पत्रानेच झाला. दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असे दोन तट होते. गवान दोघांना सांभाळून घेऊ पाहत होता, पण प्रांतांच्या नव्या वाटणीत सरदारांचे हात बांधले गेले ते त्यांना सहन झाले नाही. त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे खोटे पत्र लिहिले गेले आणि सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहने, चौकशी न करता, १४८१ च्या एप्रिलमध्ये सत्तरीच्या या माणसाला मारण्याचा हुकूम दिला. वर्षभरात सुलतानही गेला. नंतर काही वर्षांतच बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले. पुढे मोगलांनी बिदर घेतल्यावर मदरशात सैन्य उतरवले, दारू साठवली. १६९६ मध्ये वीज पडून दारूचा स्फोट झाला आणि प्रवेशद्वारासह आग्नेयेकडचा मोठा भाग उडाला. पुस्तकांच्या जागी तोफेची दारू ठेवली की काय होते ते असे उघड्यावर दिसते.

'मदरसा' या शब्दावरून तिथे एक किस्सा झाला. हैदराबादकडून आलेले एक तरुण जोडपे फोटो काढत होते. चांगली, शिकलेली मुले. त्यांतल्या मुलाने विचारले, 'इथे फक्त धर्माचे शिक्षण देत असतील ना?' आम्ही त्याला सांगितले की गणित, खगोल, तर्क, वैद्यक हेही त्या काळच्या मदरशांत शिकण्याचे विषय होते. आणखी एक सांगितले, जे त्याला नवे होते. निज़ामच्या राज्यात सरकारी शाळेलाच मदरसा म्हणत. मदरसा तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिक, फौकानिया म्हणजे हायस्कूल. उदगीरचे कितीतरी जुने वकील, डॉक्टर, तलाठी, जोशी असोत की पाटील, याच मदरशांत उर्दूतून शिकले.

ही गोष्ट आम्ही नेहमी अभिमानाने सांगतो. पण त्या संध्याकाळी, मदरशाच्या ओट्यावर बसून, तिची दुसरी बाजूही बोलून झाली. ते मराठी, कानडी, तेलुगू घरांतले विद्यार्थी उर्दूतून शिकले ते आवडीने की दुसरा रस्ता नव्हता म्हणून? १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून विज्ञान, वैद्यक शिकवण्याचा एवढा मोठा प्रयोग हिंदुस्थानात आधी झाला नव्हता, हे खरे. पण ती देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्य लोकांच्या घरात बोलली जात नव्हती, हेही तितकेच खरे. वरंगळच्या तेलुगू मुलाला किंवा अहमदपूरच्या मराठी मुलाला पहिल्या दिवशी वर्गात काय वाटले असेल? मराठवाड्याच्या जुन्या पिढीच्या मनात उर्दूबद्दल जी अढी होती तिचे मूळ इथे आहे. आम्ही ते नाकारू नये. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर बाजू पालटली. पहिल्यांदा मराठी मुलाला जे ऐकावे लागले, ते मग उर्दू मुलाला ऐकावे लागले : तुझ्या भाषेने पोट भरणार नाही. मादरी ज़बानचा जो मुद्दा आम्ही आज दारोदार सांगतो, तोच मुद्दा तेव्हा मराठी माणसे निज़ामच्या सरकारला सांगत होती. मुद्दा तोच, फक्त सांगणारे बदलले.

'मग तिला मराठीत घालायचे का?' आमच्यातल्या एकाने विचारले. 'मी तसे कुठे म्हटले?' दुसऱ्याचे उत्तर. चौकीदाराने शिट्टी वाजवली, बंद करायची वेळ झाली होती.

खरी गोष्ट रात्री घडली.

खालू बिदरीचे कारागीर होते. बिदरी म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर छिन्नीने नक्षी खोदून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, घासून गुळगुळीत करायचे, आणि शेवटी भांडे गरम करून त्यावर किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळायचा. धातू काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. ती मातीही कुठलीही चालत नाही. किल्ल्यात ज्या जागी वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोहोचला नाही अशा बंद जागेतली लागते. २००६ मध्ये या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ मध्ये इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. पद्मश्रीची बातमी आली तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, खाला सांगत होती. पण कारागिरांची संख्या कमी होत चालली आहे. डोळे जातात, पाठ जाते, आणि मजुरी बेताची.

खालूंचा मुलगा, आमचा भाऊ, कन्नड माध्यमात शिकला आणि एका सरकारी कार्यालयात लागला. त्याने हे काम धरले नाही. त्याचा मुलगा इंग्रजी माध्यमातला. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षे बेंगळुरूला नोकरी केली आणि परत येऊन दादाच्या ओसरीतल्या जागेवर बसला. घरात कुणाला पटले नाही. खालाला मात्र मनातून बरे वाटले असावे. ओतकाम तो बाहेरून करून घेतो, नक्षी स्वतः खोदतो, मोबाईलवर गिऱ्हाईक शोधतो. हात चांगला आहे.

जेवण झाल्यावर त्याने कपड्यात बांधलेली एक वही आणली. 'चाचा, चाची, आप लोगाँ उर्दू पढ़ाते ना? ये पढ़के दो.'

खालूंची वही. लांबट, हिशेबाच्या वहीसारखी, सव्वाशेएक पाने, सगळी त्यांच्या हातची. पहिल्या पानावर बिस्मिल्लाह, पुढे धातूचे प्रमाण, नक्षींची नावे आणि आकृत्या, कुणाकडून किती येणे, कुणाला काय बनवून दिले. दोन वर्षांपासून ती वही घरात होती आणि घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. खाला कुराण वाचते, पण ते छापील, ज़ेर-ज़बर दिलेले. नवऱ्याचे घाईचे अक्षर तिला लागत नाही. मुलाला कन्नड येते. नातवाला इंग्रजी आणि थोडे कन्नड. तिघेही घरात एकच दखनी बोलतात, पण आजोबांनी वहीत काय ठेवले ते नातवाला कुणीही सांगू शकत नव्हते. मोहल्ल्यात वाचणारे नव्हते असे नाही. पण धंद्याची वही बाहेरच्याला कशी दाखवायची? म्हणून तो आमची वाट पाहत होता.

आम्ही दहाला बसलो ते दीड वाजता उठलो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अडलेले अक्षर लावायचे, आणि नातवाने लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे. तारकशी, तेहनिशान, ज़रनिशान, आफताबी ही जडावाची नावे त्याने कानांनी ऐकलेली होती. लिहिलेली पहिल्यांदा पाहत होता. 'अशरफी की बूटी' च्या बाजूला खालूंनी एक फूल काढले होते आणि खाली लिहिले होते, 'पाकळी उलटी नको'. उर्दू लिपीत, पण शब्द 'पाकळी'! गिऱ्हाइकांच्या यादीत हैदराबाद, गुलबर्गा, सोलापूर, आणि तीन ठिकाणी उदगीर. तांब्याच्या प्रमाणाचे आकडे आले तेव्हा त्याने दोनदा वाचून घेतले. जस्ताचे सोळा भाग आणि तांब्याचा एक, पुढे खालूंची पुस्ती की पावसाळ्यात यात किंचित फरक करावा. किती, ते पान भिजून गेलेले. पोरगा बराच वेळ ते पान दिव्याखाली धरून बसला होता.

मातीचे पान कधी येते याची त्याला खरी घाई होती. किल्ल्यातली कोणती जागा आजोबा वापरत, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. पान आले. वरती ठळक अक्षरात 'मिट्टी', आणि खाली एकच ओळ : पहचान ज़बान से.

'ज़बान से? बोले तो किसकू पूछना?' नातू गोंधळला.

खाला आडवी झाली होती ती उठून बसली आणि हसू लागली. 'अरे जीभ रे, जीभ! चाटके देखते थे तुम्हारे दादा. मैं चिल्लाती थी, बीमार पड़ेंगे बोलके.'

कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतात हे आम्ही ऐकले होते. पण त्या एका शब्दापाशी आम्ही दोघेही क्षणभर थांबलो. मुलगी केव्हाच खालाच्या मांडीवर झोपी गेली होती.

सकाळी फजरनंतर किल्ल्यात गेलो. सोळा खांबी मशीद, रंगीन महालातली काळ्या दगडात जडवलेली शिंपल्याची नक्षी, खडक फोडून केलेले तिहेरी खंदक, हे सारे पाहावे असेच आहे. गुलाम यज़दानी यांनी १९४७ च्या ग्रंथात त्यावर इतके बारकाईने लिहून ठेवले आहे की आम्ही त्यात भर घालू नये. नातू बरोबर होता. त्याचे लक्ष महालांकडे नव्हते. तो बंद तळघरांच्या कडेला वाकून चिमूटभर माती उचलत होता आणि जिभेला लावून थुंकत होता. पाहरेकऱ्याने विचारले, तर म्हणाला, 'दादा की जगह ढूंढ रहा हूँ.' पाहरेकऱ्याला हे नवे नसावे. तो काही बोलला नाही.

परतताना वेशीत शाळेची गर्दी लागली. कर्नाटकात शाळा आधी सुरू होतात. शनिवारची सकाळची शाळा. कन्नड शाळेची, उर्दू शाळेची, इंग्रजी शाळेची, तीन रंगांच्या गणवेशांतली मुले एकाच कमानीखालून धक्काबुक्की करत चालली होती. आमची मुलगी थांबून पाहत राहिली. 'इनमें मेरा कौन-सा है?' तिने विचारले. तिला म्हणायचे होते, माझा गणवेश कोणता असेल.

अष्टूरला जायला रिक्षा केली. तिथे बहमनी सुलतानांच्या कबरी रांगेने आहेत. हुमायूनशाहच्या कबरीचा घुमट वीज पडून अर्धा कोसळलेला. भूमितीच्या पुस्तकातल्या छेदासारखा आतला सगळा जाडपणा दिसतो. लोक त्याला ज़ालिम म्हणत, म्हणून वीज पडली असे गाईड सांगतात. वीज तर मदरशावरही पडली होती. अहमदशाह वलीच्या कबरीत आतून सोनेरी आणि शेंदरी रंगांत अक्षरांची अशी गर्दी आहे की मान दुखेपर्यंत वर पाहावे. इथला उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो, कलबुर्गी जिल्ह्यातून लिंगायत जंगम मानाने येतात, आणि कितीतरी लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. आम्ही गेलो तेव्हा एक कानडी कुटुंब नारळ घेऊन आले होते. त्यातली आजी कबरीपाशी कन्नडमध्ये काहीतरी सविस्तर सांगत होती. सुलतानाला कन्नड येत होते की नाही, कोण जाणे.

दुपारच्या गाडीने परतलो. खालाने डब्यात बिर्याणी आणि मुलीच्या हातात शंभराची नोट कोंबली. गाडीत कमालनगर येईपर्यंत पुन्हा तोच विषय, फक्त आवाज खाली आले होते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे, म्हणजे उर्दू शाळेतही ती मराठी शिकणारच. पण शिकवणारा कसा असेल? उर्दू शाळेत मराठी ज्या थंडपणे शिकवली जाते ते आम्ही रोज पाहतो. आणि मराठी शाळेत घातले तर घरी उर्दू शिकवण्याइतका दम आपल्यात संध्याकाळी उरतो का? खालूंच्या घरातही कुणी ठरवून उर्दू सोडली नव्हती. घरी शिकवू, सुट्टीत शिकवू, असे म्हणता म्हणता एक माणूस आपल्या हातची वही मागे ठेवून गेला.

शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. उर्दू प्राथमिक शाळा. संध्याकाळी गल्लीतल्या एका निवृत्त मराठी बाईंकडे तिला रोज तासभर बसवायचे, आणि त्यांच्या नातवाला आम्ही गणित शिकवायचे, असा सौदा ठरला. आमच्यातल्या एकाला हे अजून पुरते पटलेले नाही. दहावीनंतर बोलू, असे त्याचे किंवा तिचे म्हणणे आहे.

नातवाने उरलेल्या पानांचे फोटो मोबाईलवर पाठवले आहेत. रविवारी असरनंतर तो फोन करतो, आम्ही दोन-तीन पाने वाचून दाखवतो, तो लिहून घेतो. मागच्या रविवारी उधारीची यादी संपली आणि सुरईच्या नक्षीचा भाग सुरू झाला. मुलगी शेजारी बसून आपल्या पाटीवर बे, पे, ते गिरवत असते आणि मधेच विचारते की पाकळी कोणत्या अक्षराने सुरू होते. अजून बावीस पाने बाकी आहेत.